हेलेन ब्रुक टॉसिग

हेलेन ब्रुक टॉसिग (जन्म : २४ मे १८९८, केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स, मृत्यू : २० मे १९८६, पेनसिल्व्हेनिया) या अमेरिकन वैद्यक आणि बालहृदयरोगतज्ज्ञ होत्या. बालहृदयरोगशास्त्र या स्वतंत्र शाखेच्या संस्थापक म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. जन्मतः हृदयात दोष असल्यामुळे निळ्या पडणाऱ्या बालकांना जीवदान देणारी शस्त्रक्रिया त्यांच्या कल्पनेतून आकाराला आली. गर्भवती स्त्रियांनी घेतलेल्या थॅलिडोमाइड या औषधामुळे भ्रूणाची वाढ खुंटते, हे अमेरिकेतील वैद्यकांना आणि लोकप्रतिनिधींना पटवून देण्यातही त्यांचा मोठा वाटा होता. नवे औषध बाजारात येण्यापूर्वी त्याचा भ्रूणावर काय परिणाम होतो हे तपासण्याचा आग्रह त्यानंतरच्या काळात जगभर रूढ झाला.

बालपण

टॉसिग यांचे वडील फ्रँक विल्यम टॉसिग हे हार्वर्ड विद्यापीठात अर्थशास्त्राचे नामवंत प्राध्यापक होते. आई एडिथ या रॅडक्लिफ महाविद्यालयाच्या आरंभीच्या विद्यार्थिनींपैकी एक होत्या. चार भावंडांत हेलेन सर्वांत धाकट्या. त्या अकरा वर्षांच्या असताना आईचे क्षयरोगाने निधन झाले. हेलेन यांनाही बालपणी क्षयाची बाधा झाली आणि त्यांच्या शालेय शिक्षणात खंड पडला.

याहून मोठी अडचण वाचनाची होती. अक्षरे आणि अंक त्यांना नीट ओळखता येत नसत. आज या स्थितीला डिस्लेक्सिया म्हणतात. त्या काळी शिक्षकांना या विकाराची फारशी माहिती नव्हती आणि अशा मुलांना मंदबुद्धी समजले जाई. वडिलांनी मात्र धीर सोडला नाही. ते मुलीला रोज जवळ बसवून शिकवीत. टॉसिग पुढे वैद्यकातील एका प्रमाणग्रंथाच्या लेखिका झाल्या, त्याचा पाया या घरच्या शिकवणीत घातला गेला.

शिक्षण

केंब्रिज येथील मुलींच्या शाळेतून १९१७ साली उत्तीर्ण झाल्यावर टॉसिग यांनी दोन वर्षे रॅडक्लिफ महाविद्यालयात शिक्षण घेतले. तेथे त्या टेनिसपटू म्हणूनही चमकल्या. पुढे त्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत प्रवेश घेतला आणि १९२१ मध्ये पदवी संपादन केली.

त्यांना वैद्यकाचे शिक्षण घ्यायचे होते, परंतु हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रियांना पदवीसाठी प्रवेश नव्हता. ही बंदी १९४५ पर्यंत टिकली. काही विषयांच्या व्याख्यानांना बसण्याची परवानगी त्यांना मिळाली, मात्र पदवी मिळणार नव्हती. वर्गात त्यांना पुरुष विद्यार्थ्यांपासून दूर, एका कोपऱ्यात बसावे लागे. त्यानंतर त्यांनी बॉस्टन विद्यापीठात शरीररचनाशास्त्राचा अभ्यास केला. तेथील प्राध्यापक अलेक्झांडर बेग यांनी त्यांच्या हाती बैलाचे हृदय दिले आणि हृदयाच्या स्नायूंचा अभ्यास करण्याचा सल्ला दिला. त्यांच्या आयुष्याची दिशा येथेच ठरली.

सस्तन प्राण्यांच्या हृदयाच्या खालच्या कप्प्यातील स्नायूंच्या पट्ट्या शरीरापासून वेगळ्या करून योग्य द्रवात ठेवल्या, तर त्या लयीत आकुंचन पावतात, असे त्यांच्या प्रयोगांतून दिसून आले. सहकाऱ्यासह लिहिलेला हा निबंध १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या वेळी टॉसिग विद्यार्थिनीच होत्या.

बेग यांच्याच सल्ल्याने त्या बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. स्त्रियांनी उभारलेल्या देणगीच्या अटीमुळे या संस्थेत १८९३ पासून विद्यार्थिनींना विद्यार्थ्यांच्या बरोबरीने प्रवेश मिळत असे. १९२७ मध्ये टॉसिग यांना एम.डी. ही पदवी मिळाली.

श्रवणदोष आणि हृदयचिकित्सालय

बालरोग विभागाचे प्रमुख एडवर्ड्स पार्क यांनी १९३० मध्ये हॅरिएट लेन या बालरुग्णालयातील हृदयचिकित्सालयाची जबाबदारी टॉसिग यांच्यावर सोपविली. त्या काळी तेथे येणाऱ्या रुग्णांत संधिवाताच्या तापाने हृदय बिघडलेल्या मुलांची संख्या मोठी होती. जन्मजात हृदयदोष असलेल्या मुलांसाठी काहीच करता येत नसे. त्यामुळे अशा दोषांचा अभ्यास निरुपयोगी आहे, अशीच बहुतेक वैद्यकांची समजूत होती. पार्क यांनी मात्र टॉसिग यांना याच अभ्यासाकडे वळविले.

याच सुमारास टॉसिग यांची श्रवणशक्ती झपाट्याने कमी होऊ लागली. हृदयरोगतज्ज्ञाचे मुख्य साधन स्टेथोस्कोप आणि त्यातून ऐकू येणारे हृदयाचे ठोके हाच निदानाचा आधार. कान साथ देईनासे झाले तेव्हा टॉसिग यांनी बोलणाऱ्याच्या ओठांच्या हालचालींवरून शब्द ओळखण्याची कला आत्मसात केली. आवाज वाढविणारा स्टेथोस्कोप त्या वापरीत, परंतु त्यांचा खरा भरवसा बोटांवर होता. बालकाच्या छातीवर तळहात ठेवून हृदयाची स्पंदने आणि कंप त्या स्पर्शाने जाणून घेत.

नजरेची मदतही त्यांनी पुरेपूर घेतली. क्ष-किरणांच्या साहाय्याने हलते हृदय पडद्यावर दाखविणारे फ्लुओरोस्कोप हे यंत्र त्या वेळी नवे होते. बालकाला वेगवेगळ्या कोनांत वळवून त्या हृदयाची बाह्यरेषा न्याहाळीत. हृदयात विशिष्ट दोष असला की त्याच्या आकारात विशिष्ट बदल दिसतो, हे त्यांच्या ध्यानात आले. शारीरिक तपासणी, विद्युत्‌हृदयालेख आणि फ्लुओरोस्कोप यांची सांगड घालून जिवंत बालकाच्या हृदयातील दोष ओळखण्याची पद्धत त्यांनी विकसित केली. तोपर्यंत असे दोष बहुधा शवविच्छेदनातच कळत. माँट्रियल येथील मॉड ॲबट यांनी जन्मजात हृदयदोषांचे जे वर्गीकरण केले होते, त्याचाही टॉसिग यांनी बारकाईने अभ्यास केला.

निळ्या बालकांची शस्त्रक्रिया

टॉसिग यांच्याकडे येणाऱ्या अनेक बालकांना ‘टेट्रालॉजी ऑफ फॅलो’ हा विकार असे. यात हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला छिद्र असते, फुप्फुसाकडे जाणारा मार्ग अरुंद असतो, महाधमनीचे मुख सरकलेले असते आणि उजवा कप्पा जाड झालेला असतो. फुप्फुसांत पुरेसे रक्त पोहोचत नसल्याने शरीराला प्राणवायू कमी पडतो. ओठ, नखे आणि त्वचा निळसर दिसतात. चार पावले चालले तरी मूल धापा टाकीत उकिडवे बसते. अशी बरीच मुले लहानपणीच दगावत.

बाळ आईच्या उदरात असताना महाधमनी आणि फुप्फुस-धमनी यांना जोडणारी एक नलिका असते. तिला डक्टस आर्टेरिओसस म्हणतात. जन्मानंतर ती सहसा लवकरच बंद होते. टॉसिग यांच्या लक्षात आले की, ज्या दोषी हृदयांत ही नलिका उघडी राहते ती बालके त्यामानाने बरी असतात आणि ती मिटताच त्यांची प्रकृती ढासळते. यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की मृत्यूचे खरे कारण फुप्फुसांना होणारा अपुरा रक्तपुरवठा हे आहे. तसे असेल, तर नवी नलिका तयार करून तो वाढविता आला पाहिजे.

बॉस्टन येथील शल्यचिकित्सक रॉबर्ट ग्रॉस यांनी १९३८ मध्ये एका मुलीची अनावश्यक उघडी राहिलेली नलिका शस्त्रक्रियेने बंद केली होती. नलिका बंद करता येते तर ती तयारही करता यावी, हा विचार घेऊन टॉसिग त्यांच्याकडे गेल्या. ग्रॉस यांनी त्यात रस दाखविला नाही. १९४१ मध्ये आल्फ्रेड ब्लेलॉक हे जॉन्स हॉपकिन्समध्ये शल्यचिकित्सा विभागाचे प्रमुख म्हणून आले. टॉसिग यांनी हीच समस्या त्यांच्यापुढे मांडली.

ब्लेलॉक यांच्यासोबत त्यांचे प्रयोगशाळा-सहायक व्हिव्हियन थॉमस आले होते. आर्थिक मंदीत शिल्लक बुडाल्यामुळे या कृष्णवर्णीय तरुणाचे महाविद्यालयीन शिक्षणाचे स्वप्न भंगले होते, परंतु त्यांच्या हातांचे कौशल्य असामान्य होते. श्वानांवर शेकडो तासांचे प्रयोग करून थॉमस यांनी प्रथम हा विकार कृत्रिमरीत्या निर्माण केला. नंतर हाताकडे जाणारी धमनी फुप्फुस-धमनीला जोडून तो सौम्य करण्याची पद्धत त्यांनी निश्चित केली. अतिशय लहान धमन्या शिवण्यासाठी लागणारी उपकरणेही त्यांनी जुळवून घेतली.

२९ नोव्हेंबर १९४४ रोजी अवघ्या पंधरा महिन्यांच्या, सुमारे चार किलो वजनाच्या एका मुलीवर ही शस्त्रक्रिया प्रथम करण्यात आली. ब्लेलॉक शस्त्रक्रिया करीत होते आणि थॉमस त्यांच्यामागे स्टुलावर उभे राहून टाक्यांबाबत सूचना देत होते. टॉसिग बालकाच्या प्रकृतीवर लक्ष ठेवून होत्या. मुलगी त्या वेळी वाचली. काही महिन्यांनी तिची प्रकृती पुन्हा बिघडली आणि ती दगावली. मात्र तिच्यामुळे मार्ग सापडला होता. १९४५ च्या फेब्रुवारीत तिसरी शस्त्रक्रिया सहा वर्षांच्या एका मुलावर झाली, तेव्हा रक्तप्रवाह सुरू होताच टेबलावरच त्याचे निळे ओठ गुलाबी झाले.

मे १९४५ मध्ये ब्लेलॉक आणि टॉसिग यांचा निबंध अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानंतर देशोदेशींचे आईवडील आपली निळी बाळे घेऊन बाल्टिमोरला येऊ लागले. काही वर्षांतच तेथे हजाराहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. हा उपाय दोष मुळातून दूर करणारा नव्हता. परंतु हृदय उघडून संपूर्ण दुरुस्ती करणे १९५४ पासून हळूहळू शक्य होऊ लागले, तोपर्यंत हजारो मुले या नलिकेच्या आधारावर जगली.

श्रेयाचा प्रश्न

ही शस्त्रक्रिया दीर्घकाळ ‘ब्लेलॉक-टॉसिग’ या जोडनावाने ओळखली गेली. थॉमस यांचे नाव १९४५ च्या निबंधात लेखक म्हणून नव्हते. त्यांना १९७६ मध्ये जॉन्स हॉपकिन्सने मानद डॉक्टरेट दिली. आता अनेक वैद्यक या शस्त्रक्रियेला तिघांच्या नावाने संबोधतात. टॉसिग यांच्या वाट्यालाही श्रेय उशिराच आले. ब्लेलॉक १९४५ मध्येच राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे सदस्य झाले, टॉसिग यांना हा मान १९७३ मध्ये मिळाला. त्यांना पूर्ण प्राध्यापकपद १९५९ साली, म्हणजे निवृत्तीपूर्वी अवघी चार वर्षे आधी देण्यात आले.

ग्रंथलेखन आणि अध्यापन

जन्मजात हृदयदोषांवरील त्यांचा ग्रंथ १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला. या विषयावरचा तो पायाभूत ग्रंथ मानला जातो. त्याची दुसरी आवृत्ती १९६० मध्ये दोन खंडांत निघाली. १९४९ मध्ये रिचर्ड बिंग यांच्यासह त्यांनी एका दुर्मीळ हृदयदोषाचे वर्णन केले, तो आज ‘टॉसिग-बिंग’ या नावाने ओळखला जातो.

त्यांच्या हाताखाली शिकलेले वैद्यक अनेक देशांत बालहृदयरोग विभागांचे प्रमुख झाले. भारताच्या पहिल्या महिला हृदयरोगतज्ज्ञ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या डॉ. शिवरामकृष्ण अय्यर पद्मावती यांनीही जॉन्स हॉपकिन्स येथे टॉसिग यांच्या मार्गदर्शनाखाली प्रशिक्षण घेतले होते. शस्त्रक्रिया झालेल्या मुलांशी टॉसिग यांचा संपर्क तुटत नसे. ती मुले मोठी होऊन संसाराला लागल्यावरही त्या त्यांच्या प्रकृतीची नोंद ठेवीत आणि त्यावर निबंध लिहीत.

थॅलिडोमाइड प्रकरण

१९५७ च्या ऑक्टोबरमध्ये पश्चिम जर्मनीतील ग्रुनेन्थाल या कंपनीने थॅलिडोमाइड हे झोपेचे औषध ‘काँटरगन’ या नावाने बाजारात आणले. ते अतिशय निर्धोक असल्याची जाहिरात केली जात होती आणि तेथे ते वैद्याच्या चिठ्ठीशिवाय मिळे. गर्भवती स्त्रिया मळमळ थांबविण्यासाठीही ते घेत. त्यानंतर हातपाय अत्यंत आखूड असलेली किंवा मुळीच नसलेली बालके जन्माला येऊ लागली. या विकाराला फोकोमेलिया म्हणतात. हँबुर्गचे बालरोगतज्ज्ञ विडुकिंड लेन्झ यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये या औषधाकडे बोट दाखविले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस ते जर्मन बाजारातून मागे घेण्यात आले. ऑस्ट्रेलियातील विल्यम मॅकब्राइड यांनीही स्वतंत्रपणे तीच शंका प्रसिद्ध केली. जगभरात दहा हजारांहून अधिक बालके या औषधामुळे बाधित झाली, असा अंदाज आहे.

जानेवारी १९६२ मध्ये टॉसिग यांचे जर्मन विद्यार्थी अलॉइस बॉयरेन यांनी ही हकिकत त्यांना सांगितली. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी टॉसिग लगोलग जर्मनीला निघाल्या. सुमारे सहा आठवडे त्यांनी जर्मनी आणि इंग्लंडमधील रुग्णालयांना भेटी दिल्या. बाधित बालकांची तपासणी केली, लेन्झ आणि इतर वैद्यकांशी चर्चा केली आणि पुरावा तपासून पाहिला. या बालकांपैकी काहींना हृदयदोषही होते. गर्भधारणेनंतरच्या ज्या मोजक्या दिवसांत भ्रूणाचे अवयव घडत असतात, नेमक्या त्याच दिवसांत औषध घेतले गेले होते. त्या वेळी अनेक स्त्रियांना आपण गर्भवती आहोत याची कल्पनाही नसे.

अमेरिकेत हे औषध विक्रीस आलेले नव्हते. अन्न व औषध प्रशासनातील फ्रान्सिस ओल्डहॅम केल्सी यांनी सुरक्षिततेचा पुरावा अपुरा असल्याचे सांगून १९६० पासून परवानगी रोखून धरली होती. मात्र चाचणीच्या नावाखाली कंपनीने हजाराहून अधिक डॉक्टरांना गोळ्या वाटल्या होत्या आणि त्या सुमारे २०,००० रुग्णांपर्यंत पोहोचल्या होत्या. टॉसिग यांनी परत येताच आपली निरीक्षणे प्रशासनाला कळविली, वैद्यकांच्या परिषदांत छायाचित्रांसह व्याख्याने दिली, वैद्यकीय नियतकालिकांत आणि सामान्य वाचकांच्या मासिकात लेख लिहिले आणि अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष दिली. प्रचलित कायद्यानुसार असे औषध अमेरिकेतही सहज विक्रीस येऊ शकले असते, हा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

सिनेटर एस्टेस केफॉव्हर यांचे औषधविषयक विधेयक बराच काळ रेंगाळले होते. थॅलिडोमाइडच्या बातम्यांनी लोकमत जागे झाले आणि १० ऑक्टोबर १९६२ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांनी केफॉव्हर-हॅरिस सुधारणा कायद्यावर स्वाक्षरी केली. औषध सुरक्षित आहे एवढेच नव्हे, तर ते गुणकारी आहे हेही सिद्ध करण्याची जबाबदारी या कायद्याने उत्पादकांवर आली. ज्यांच्यावर चाचणी करायची त्यांची संमती घेणेही आवश्यक ठरले.

भ्रूणावरील दुष्परिणामांच्या चाचण्या

थॅलिडोमाइड प्रकरणानंतर नव्या औषधाची गर्भवती प्राण्यांवर चाचणी करणे हा नियम बनला. परंतु एका प्राण्यावरून दुसऱ्याविषयी अनुमान काढणे धोक्याचे असते, हेही याच औषधाने शिकविले. उंदरांवर थॅलिडोमाइडचा असा परिणाम सहसा दिसत नाही, सशांवर आणि माकडांवर मात्र दिसतो. त्यामुळे अशा चाचण्यांसाठी उंदीरवर्गीय प्राण्यांच्या जोडीला ससा वापरण्याची प्रथा पडली.

टॉसिग प्राण्यांवरील प्रयोगांच्या समर्थक होत्या. श्वानांवरील प्रयोगांशिवाय निळी बालके वाचली नसती, असे त्या ठामपणे मांडीत आणि अशा प्रयोगांवर बंदी आणू पाहणाऱ्यांना त्यांनी जाहीर विरोध केला. त्यांच्या मृत्यूनंतर मात्र प्राण्यांचा वापर कमी करणाऱ्या पद्धती पुढे आल्या. १९९० च्या दशकात बर्लिनमध्ये हॉर्स्ट श्पीलमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेली मूलपेशी चाचणी ही त्यांपैकी एक होय. हिच्यात उंदराच्या भ्रूणापासून मिळविलेल्या मूलपेशी पोषक द्रवाच्या लोंबत्या थेंबांत वाढवितात. त्यांचे लहान गोळे बनतात आणि सुमारे दहा दिवसांत त्यांतील काही पेशी हृदयपेशी होऊन आपोआप स्पंदन पावू लागतात. सूक्ष्मदर्शकाखाली हे स्पंदन स्पष्ट दिसते.

तपासायचा पदार्थ निरनिराळ्या प्रमाणांत मिसळल्यावर किती गोळे स्पंदन पावतात हे मोजले जाते. तोच पदार्थ मूलपेशींना आणि प्रौढ पेशींना किती प्रमाणात मारतो हेही पाहिले जाते. पेशी मरण्याच्या पुष्कळ आधीच हृदयपेशी घडण्याचे थांबले, तर तो पदार्थ भ्रूणाच्या वाढीला विशेष घातक असल्याचे समजतात. २००२ मध्ये युरोपीय तज्ज्ञसंस्थेने या चाचणीला शास्त्रीय मान्यता दिली.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. आईच्या यकृतात औषधात होणारे बदल आणि वारेचे कार्य बशीतल्या पेशींत अवतरत नाही. शिवाय पेशी उंदराच्या असल्याने मूळ अडचण उरतेच. थॅलिडोमाइड ज्या प्रथिनाला चिकटते ते सेरेब्लॉन जपानी संशोधकांनी २०१० मध्ये ओळखले. उंदराच्या सेरेब्लॉनमधील किंचित फरकामुळे तो प्राणी या औषधाला दाद देत नाही, असे पुढे स्पष्ट झाले. म्हणूनच आता मानवी मूलपेशींपासून घडविलेल्या हृदयपेशींवर अशा चाचण्या करण्याकडे संशोधकांचा कल आहे.

उत्तरायुष्य

टॉसिग १९६३ मध्ये निवृत्त झाल्या, परंतु त्यांचे संशोधन थांबले नाही. त्यांच्या एकूण १२९ शोधनिबंधांपैकी ४१ निवृत्तीनंतरचे आहेत. १९६५ मध्ये त्या अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. त्या अविवाहित होत्या. केप कॉड येथील समुद्रकाठच्या घरी बागकामात आणि विद्यार्थ्यांच्या सहवासात त्या सुटीचे दिवस घालवीत.

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्या पेनसिल्व्हेनियातील केनेट स्क्वेअर येथील ज्येष्ठांच्या वसाहतीत राहावयास गेल्या. तेथेही त्यांनी पक्ष्यांच्या हृदयातील जन्मजात दोषांचा अभ्यास हाती घेतला. मानवी हृदयात आढळणारे दोष पक्ष्यांतही आढळत असतील, तर त्यांची मुळे उत्क्रांतीत खोलवर असली पाहिजेत, असा त्यांचा विचार होता.

२० मे १९८६ रोजी मतदानासाठी मैत्रिणींना मोटारीतून नेत असताना झालेल्या अपघातात त्यांचे निधन झाले. अठ्ठ्याऐंशीव्या वाढदिवसाला चार दिवस उरले होते. त्यांच्या इच्छेनुसार त्यांचा देह जॉन्स हॉपकिन्स वैद्यकीय महाविद्यालयाला दान करण्यात आला.

सन्मान आणि स्मृती

१९४७ मध्ये फ्रान्सने ‘लिजन ऑफ ऑनर’ देऊन टॉसिग यांचा गौरव केला. १९५४ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार आणि इटलीचा फेल्ट्रिनेल्ली पुरस्कार मिळाला. १९६४ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या हस्ते त्यांना ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ हा अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान प्रदान करण्यात आला.

जॉन्स हॉपकिन्स येथील बालहृदयरोग केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले आहे. निळ्या बालकांच्या शस्त्रक्रियेवर आधारित ‘समथिंग द लॉर्ड मेड’ हा दूरचित्रपट २००४ मध्ये प्रदर्शित झाला. त्यात टॉसिग यांची भूमिका मेरी स्टुअर्ट मास्टरसन यांनी केली आहे.